एमिलिओ फर्नांडेस ऑस्करच्या पुतळ्यात मावत नाही

ऑस्करचा मोसम जवळ आला की एक मजकूर न चुकता फिरू लागतो. सोबत दोन फोटो असतात. एकीकडे तो सोनेरी पुतळा, दुसरीकडे रुंद चेहऱ्याचा, मिशाळ, नजरेत जरब असलेला एक मेक्सिकन माणूस. मजकुराचा गोषवारा असा: हा एमिलिओ फर्नांडेस, टोपणनाव 'एल इंदिओ'. हॉलिवूडमध्ये पोटासाठी एक्स्ट्राची कामं करणारा एक परागंदा तरुण. अभिनेत्री डोलोरेस देल रिओ हिचा नवरा सेड्रिक गिबन्स ऑस्करच्या पुतळ्याचं डिझाइन करत होता. तिने एमिलिओला नवऱ्यासमोर नेलं, तो नग्न उभा राहिला आणि जगातला सर्वांत प्रसिद्ध पुतळा घडला. पुढे मायदेशी जाऊन त्याने कान महोत्सवाचं 'पाम दोर' एकट्याच्या बळावर जिंकलं. तरीही हॉलिवूडने त्याला वेस्टर्न म्हणजे काउबॉयपटांमधला दरोडेखोर करून ठेवलं. त्या भूमिकांसाठी त्याला अभिनय करावाच लागला नाही, कारण तो मुळात तसाच होता, खून करून तुरुंगात जाऊन आलेला. आणि मग ती शेवटची ओळ, जिच्यासाठी लोक हे पुढे पाठवतात: ज्याच्या अंगाचा पुतळा सगळे घरी नेतात, त्याला आणि त्याच्या देशाला तो कधीच मिळाला नाही.

यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे आणि काही साफ चूक आहे. एकेक ओळ घेऊ.

"देल रिओचा नवरा गिबन्स पुतळ्याचं डिझाइन करत होता"

तारखा मांडल्या की ही ओळ ढासळते. चित्रपट अकादमी स्थापन झाली १९२७ मध्ये. एमजीएम स्टुडिओचा कलादिग्दर्शक सेड्रिक गिबन्सने पुरस्काराचं रेखाटन केलं आणि लॉस एंजेलिसचा शिल्पकार जॉर्ज स्टॅनली याने ते मातीत घडवलं. हे सगळं १९२८च्या आसपासचं. पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेलात झाला. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेल्या एमिल यानिंग्सला तर त्याचा पुतळा समारंभाआधीच दिला होता, कारण तो जर्मनीला परत निघाला होता. म्हणजे १९२९च्या वसंतात पुतळे ओतून तयार होते.

देल रिओ आणि गिबन्स यांचं लग्न झालं ऑगस्ट १९३० मध्ये. पुतळ्याचं रेखाटन चाललं होतं तेव्हा ती गिबन्सची बायको नव्हती. तिचं पहिलं लग्न हाइमे मार्तिनेस देल रिओ याच्याशी झालं होतं. ते १९२८ मध्ये मोडलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हाइमे बर्लिनमध्ये वारला. मजकुरातलं 'नवऱ्याच्या स्टुडिओत ओळखीचा पोरगा नेला' हे घरगुती चित्र त्या वर्षाचं नाहीच. नंतरच्या जोडप्याला उचलून आधीच्या घटनेत बसवलं आहे.

"तो नग्न उभा राहिला आणि पुतळा घडला"

या कथेचा उगम जिथे जिथे शोधावा तिथे शेवटी एल इंदिओच्या भोवतीच्या मंडळींपाशी आणि मेक्सिकोतल्या चित्रपटप्रेमींच्या गप्पांपाशी येऊन थांबावं लागतं. अकादमी स्वतः जी हकीकत सांगते तिच्यात गिबन्स आहे, स्टॅनली आहे, मॉडेल नाही. वय आणि गाव जुळतं, एवढं मान्य. १९२८ मध्ये फर्नांडेस चोविशीचा होता आणि तो त्या काळात लॉस एंजेलिसला होता. पण त्या शहरात चोविशीचे धडधाकट तरुण एक्स्ट्रा तेव्हा हजारोंनी होते.

पुतळाही नीट पाहा. साडेतेरा इंच उंची, वजन पावणेचार किलोच्या वर. दोन्ही हातांनी धर्मयोद्ध्याची तलवार धरून फिल्मच्या रिळावर उभा असलेला सरदार. रिळाला पाच आरे आहेत, कारण अकादमीच्या मूळ शाखा पाच होत्या: अभिनेते, दिग्दर्शक, निर्माते, तंत्रज्ञ आणि लेखक. चेहरा जवळपास गुळगुळीत. स्नायू आहेत, पण ते आर्ट डेकोच्या शिस्तीत ताणलेले. त्या काळात रेडिओच्या खोक्यापासून इमारतीच्या दारापर्यंत सगळं ज्या रेषेत घडत होतं तीच ही रेषा. अशा आकृतीवरून माणूस ओळखता येत नाही, म्हणूनच कुणाचंही नाव तिला चिकटवता येतं. दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, आणि इतक्या वर्षांत कुणी स्केच, पत्र, पगाराची नोंद, काहीच पुढे केलेलं नाही. मी या ओळीला दंतकथा म्हणतो ती एवढ्यासाठी.

दंतकथा म्हणून मात्र ती फर्नांडेसला शोभते. हा माणूस स्वतःभोवती गोष्टी रचण्यात वस्ताद होता. मेक्सिको सिटीतल्या कोयोआकानमध्ये त्याने काळ्या ज्वालामुखी दगडाचं गढीसारखं घर बांधलं. त्याच्या बाजूच्या रस्त्याचं नाव आजही 'दुल्से ओलिव्हिया' आहे. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंडवर त्याचा जीव होता, ती भेटायची शक्यता नव्हती, म्हणून त्याने रस्त्यालाच तिचं नाव मिळवून दिलं असं सांगतात. जो माणूस रस्त्याचं नाव बदलू शकतो, त्याच्या बैठकीत ऑस्करच्या पुतळ्याला अंग मिळणं काही अवघड नसावं.

"पोटासाठी एक्स्ट्राची कामं करणारा परागंदा तरुण"

हे खरं आहे. फक्त त्यातून तो हॉलिवूडच्या दयेवर वाढलेला कुणीतरी होता असं जे सुचवलं जातं ते नाही. फर्नांडेसचा जन्म १९०४चा, कोआविला राज्यातल्या खाणीच्या गावचा. बाप क्रांतीत लढलेला, आई किकापू जमातीची. टोपणनाव तिथून आलं. १९२३च्या अखेरीस आदोल्फो दे ला ऊएर्ताने राष्ट्राध्यक्ष ओब्रेगॉन यांच्याविरुद्ध बंड केलं, त्यात हा पोरसवदा तरुण बंडवाल्यांच्या बाजूने होता. बंड फसलं, तुरुंग झाला, तिथून निसटून सरहद्दीपार. लॉस एंजेलिसमध्ये मिळेल ते काम आणि मग स्टुडिओंत एक्स्ट्रा.

गंमत म्हणजे ज्याच्यासाठी तो लढला तो दे ला ऊएर्ताही तेव्हा त्याच शहरात परागंदा होता आणि गाणं शिकवून गुजराण करत होता. फर्नांडेस सांगायचा, की बंदुका आता पुरे, सिनेमा शिक आणि तो घेऊन देशात परत जा, असा सल्ला त्यानेच दिला. खरंखोटं तो जाणे. पण १९३०च्या दशकात माफी मिळताच तो परतला हे नक्की. जाताना डोक्यात रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनने मेक्सिकोत टिपलेली दृश्यं होती: मागेवीची (घायपाताच्या जातीची) झुडपं, अर्धं पडदाभर आभाळ, दगडात कोरल्यासारखे चेहरे. हॉलिवूडमध्ये तो शिकला तांत्रिक बाजू. नजर मात्र त्याने मॉस्कोच्या माणसाने टिपलेल्या स्वतःच्याच देशाकडून घेतली.

"कानचं 'पाम दोर' एकट्याने जिंकलं"

'पाम दोर' हा पुरस्कार सुरू झाला १९५५ मध्ये. फर्नांडेसच्या 'मारिया कांदेलारिया'ला जो मिळाला तो १९४६च्या पहिल्या कान महोत्सवाचा ग्रां प्री, आणि तो एकट्याला नव्हता. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, महोत्सवाने उदारपणे अकरा चित्रपटांना तो विभागून दिला. त्या अकरांत रॉबर्तो रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' होता, डेव्हिड लीनचा 'ब्रीफ एन्काउंटर' होता आणि आपल्या चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'ही होता. हा मजकूर मोठ्या हौसेने पाठवणाऱ्या मराठी वाचकांपैकी कितीजणांना ठाऊक असतं, की एल इंदिओच्या त्या विजयात मुंबईत घडलेल्या एका हिंदी चित्रपटाचा बरोबरीचा वाटा आहे?

वाटा विभागलेला म्हणून चित्रपट लहान ठरत नाही. छायालेखक गाब्रिएल फिगेरोआला त्याच महोत्सवात वेगळा पुरस्कार मिळाला. पुढची काही वर्षं फर्नांडेस, फिगेरोआ, लेखक माउरिसिओ माग्दालेनो आणि देल रिओ, पेद्रो आर्मेंदारिस, मारिया फेलिक्स यांच्यापैकी कुणीतरी, ही मंडळी म्हणजेच जगाच्या लेखी मेक्सिकन सिनेमा होता. 'एनामोरादा', 'ला पेर्ला', 'रिओ एस्कोंदिदो', 'पुएब्लेरिना', 'सालोन मेहिको' हे सगळे १९४६ ते १९४९ या मोजक्या वर्षांतले.

'मारिया कांदेलारिया'ची गोष्ट या मजकुराच्या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांवर फुलं विकणारी एक मुलगी आहे. एक चित्रकार तिचं चित्र काढतो. चेहरा काढून होतो, पण ती नग्न उभं राहायला नकार देते आणि निघून जाते. चित्रकार दुसऱ्या मॉडेलच्या अंगावर तिचा चेहरा ठेवून चित्र पुरं करतो. गावकऱ्यांच्या नजरेस ते चित्र पडतं. अंग तिचंच अशी त्यांची खात्री होते आणि गाव तिला दगडांनी ठेचून मारतं. एका नग्न आकृतीवर भलत्याच माणसाचं नाव चिकटतं आणि सगळे ते बिनदिक्कत खरं मानतात, हा ज्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाचा गाभा, त्याच्याच नावावर लोकांनी ऑस्करचं अंग लावलं आहे.

"हॉलिवूडने त्याला वेस्टर्नमधला दरोडेखोर करून ठेवलं"

सगळ्या मजकुरात पटण्यासारखी ओळ हीच आणि सगळ्यात आळशीही हीच. पटते, कारण मेक्सिकन दरोडेखोराचा साचा हॉलिवूडने खरोखर घडवला होता. घाम, मिशा, छातीवर काडतुसांचे पट्टे आणि पाठीत वार. मूकपटांच्या काळात हे इतकं बोकाळलं, की १९२२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने असले चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांना देशाचा बाजारच बंद केला. १९५४ साली 'व्हेरा क्रूझ'वरून पुन्हा ठिणगी पडली. म्हणून १९६०च्या 'द मॅग्निफिसंट सेव्हन'च्या चित्रीकरणावर सरकारी निरीक्षक बसवले गेले, आणि त्या चित्रपटातल्या नाडलेल्या शेतकऱ्यांचे सदरे परीटघडीचे पांढरे दिसतात त्याचं कारण हे. साच्याचा सर्वांत प्रसिद्ध चेहरा अल्फोन्सो बेदोयाचा, 'द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे'मधला सोनेरी टोपीवाला. १९४८ नंतर त्याला त्या टोपीतून बाहेर येणं जमलं नाही. बेदोयाबद्दल ही तक्रार केली तर मी मान डोलावीन.

फर्नांडेसच्या भूमिका मात्र एकापुढे एक ठेवून पाहा. 'रिटर्न ऑफ द सेव्हन' (१९६६) मधला लोर्का हा दरोडेखोर नाही, श्रीमंत जमीनदार आहे. मेलेल्या मुलांच्या स्मारकासाठी गावंच्या गावं वेठीला धरून चर्च बांधून घेणारा, दुःखाने पिसाटलेला बाप. त्याच वर्षीच्या 'द ॲपालूसा'त मार्लन ब्रँडोसमोर तो खलनायकाचा हस्तक. 'द वॉर वॅगन' (१९६७) मधला कालिता हा खरोखर दरोडेखोर, आणि बऱ्यापैकी विनोदी. 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' (१९७३) मधला पाको हा बिलीचा जुना स्नेही, बायकामुलांना घेऊन मेक्सिकोकडे निघालेला आणि वाटेत बड्या जमीनदाराच्या माणसांच्या हातून मरणारा. 'ब्रिंग मी द हेड ऑफ आल्फ्रेदो गार्सिया' (१९७४) मधला एल हेफे सर्वसत्ताधीश मालक. मुलीला गरोदर करणाऱ्याच्या मुंडक्यावर दहा लाख डॉलर लावणारा. यात दरोडेखोर म्हणावा असा एक. बाकी सगळे सत्तेच्या चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर उभे आहेत, आणि पाको तर त्या सत्तेखाली चिरडला जाणारा.

पडद्यावरचा त्याचा लक्षात राहणारा दरोडेखोर कुणी दिला असेल, तर तो त्याने स्वतःच. १९४३च्या 'फ्लोर सिल्व्हेस्त्रे'त, हॉलिवूड सोडून मायदेशी आलेल्या देल रिओच्या पहिल्याच मेक्सिकन चित्रपटात, दिग्दर्शक फर्नांडेसने क्रांतीच्या नावाखाली लूटमार करणाऱ्याची भूमिका आपल्याकडे ठेवली. क्रांतीतला रांगडा लष्करी अधिकारी त्याने १९५९च्या 'ला कुकाराचा'मध्ये मारिया फेलिक्ससमोर उभा केला, तोही मेक्सिकन चित्रपटात, मेक्सिकन दिग्दर्शकाच्या हाताखाली. अमेरिकन दिग्दर्शक त्याच्याकडे आले तेव्हा हा माणूस तिथे तयार होता. त्यांनी तो घडवला नाही.

मग १९६९चा 'द वाइल्ड बंच'. मजकुरासोबतचा फोटो बहुतेक वेळा त्यातलाच असतो आणि खाली 'दरोडेखोर मापाचे' असं लिहिलेलं असतं. चित्रपटात दरोडेखोर आहेत ते अमेरिकन: विल्यम होल्डन, अर्नेस्ट बोर्गनाइन आणि मंडळी. मापाचे हा जनरल आहे. काळ १९१३चा, ऊएर्ताच्या राजवटीतली सरकारी फौज, समोर क्रांतिकारकांचा नेता पांचो व्हिया. (हा विक्तोरिआनो ऊएर्ता, मघाचा आदोल्फो वेगळा.) मापाचेच्या दिमतीला जर्मन सल्लागार आहेत, लाल मोटार आहे, आणि मशीनगन हाती लागल्यावर तिवई न लावताच ती चालवून अख्ख्या अंगणाला जीव मुठीत घेऊन पळायला लावण्याइतकी बालिश हौस आहे. दिग्दर्शक सॅम पेकिनपाने चित्रीकरण केलं १९६८ मध्ये पारास आणि आसपास, म्हणजे कोआविलात. ज्या राज्यात फर्नांडेस जन्मला आणि क्रांतीच्या धामधुमीत वाढला, त्याच्याच मातीत त्याला क्रांतीतल्या जनरलची वर्दी चढवायला मिळाली. त्या वर्दीची चाल, हाताखालच्यांशी बोलण्याची तऱ्हा, दारूच्या नशेतली दिलदारी क्षणात क्रौर्यात उलटणं, यांपैकी कशासाठीही त्याला पेकिनपाच्या शिकवणीची गरज नव्हती. उलट देणं दुसऱ्या दिशेने झालं. चित्रपटाच्या सुरुवातीला मुलं विंचवांना मुंग्यांच्या वारुळात टाकून हसत बघत बसतात. वेस्टर्नच्या इतिहासातल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या प्रतिमांपैकी ही एक, आणि तिची कल्पना फर्नांडेसने आपल्या लहानपणच्या खेळावरून पेकिनपाला दिली, असं पेकिनपाचे चरित्रकार नोंदवतात.

मापाचे सपाट राक्षस वाटतो याला आणखी एक कारण आहे, आणि त्याचा दोष नटाचा नाही. रेल्वे ठाण्यावर व्हियाच्या माणसांनी हल्ला केला आहे, तोफगोळे पडताहेत आणि मापाचे त्या धुरळ्यात पाठ ताठ ठेवून उभा आहे. तार घेऊन आलेला एक लहानगा पोरगा, गणवेशातला, त्याच्याकडे देवाकडे बघावं तसा बघतो आणि सलाम ठोकतो. त्या पोराच्या डोळ्यांतून पाहिलं तर हा माणूस नायक आहे. अवघ्या काही क्षणांचं हे दृश्य चित्रपट लागल्यावर अमेरिकेत कात्रीखाली गेलं, कारण लांबी कमी करायची होती. त्याच्यासोबत दरोडेखोरांच्या भूतकाळाचे तुकडेही गेले. १९९५ मध्ये चित्रपट पूर्ण रूपात पुन्हा दाखवला गेला तेव्हा ते सगळं परत आलं. मधल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी जो मापाचे पाहिला, तो कापलेला होता. 'खलनायक एके खलनायक' हे मत तिथलं आहे.

आणखी एक गोष्ट त्या चित्रपटात नावं वाचल्याशिवाय दिसत नाही. खेड्यातला शहाणा म्हातारा दोन होसे म्हणजे चानो उरुएता, मेक्सिकन सिनेमातला बुजुर्ग दिग्दर्शक. मापाचेचा जर्मन सल्लागार मोर म्हणजे फर्नांदो व्हाग्नर, जर्मनीत जन्मलेला पण मेक्सिकोत दिग्दर्शक आणि नट म्हणून रुजलेला. फर्नांडेसच्याच 'ला पेर्ला'त त्याने काम केलं होतं. मापाचेचा लेफ्टनंट एर्रेरा म्हणजे आल्फोन्सो आराउ, जो पुढे १९९२ मध्ये 'कोमो आग्वा पारा चोकोलाते' दिग्दर्शित करून जगभर गाजला. शेवटच्या प्रसंगात मापाचे होल्डनच्या टोळीतल्या आंजेल या तरुणाचा गळा चिरतो, होल्डन त्याला गोळी घालतो, सगळी फौज हात वर करून थिजते, आणि मग होल्डन शांतपणे मोरला टिपतो. त्या चौकात आधी एक मेक्सिकन दिग्दर्शक पडतो आणि त्याच्या मागोमाग दुसरा. साच्यातले दरोडेखोर हवे असते तर पेकिनपाला ते लॉस एंजेलिसच्या कुठल्याही एजंटकडून स्वस्तात मिळाले असते. त्याने एका राष्ट्राच्या सिनेमाची अर्धी पिढी कॅमेऱ्यासमोर आणली. हे केवळ अपमान म्हणून मोडीत काढायला माझी जीभ रेटत नाही.

अर्थात साठी उलटलेल्या फर्नांडेसने या भूमिका कलेच्या ओढीनेच घेतल्या असंही नव्हे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकन सिनेमाचा सुवर्णकाळ ओसरला आणि निर्माते त्याच्याकडे पाठ फिरवू लागले. हॉलिवूडचा पैसा लागत होता. पण नट म्हणून राबत असतानाच त्याने 'उन दोरादो दे पांचो व्हिया' (१९६७) आणि 'ला चोका' (१९७४) हे चित्रपट दिग्दर्शित केले. 'करून ठेवलं' हे क्रियापद त्याच्या हातातून सगळा निर्णय काढून घेतं, म्हणून ते खटकतं.

"तो मुळातच तसा होता, खून करून आलेला"

१९७६ मध्ये कोआविलात फर्नांडेसच्या गोळीने एक शेतमजूर मेला. तो मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. ही गोष्ट झाकण्याचं कारण नाही आणि रंगवून सांगण्याचंही नाही. एक माणूस जिवानिशी गेला. पण मजकूर म्हणतो की खुनी होता म्हणून मापाचे जमला. 'द वाइल्ड बंच' १९६९चा, गोळीबार त्यानंतर सात वर्षांनी. लोर्का, कालिता, मापाचे, पाको, एल हेफे, वर मोजलेल्या सगळ्या भूमिका त्या दिवसाच्या आधीच्या आहेत. तरुणपणीचा तुरुंग होता तो फसलेल्या बंडाचा.

तारखा बाजूला ठेवल्या तरी 'अभिनय करावाच लागला नाही' हे कौतुक नेहमी ठरावीक नटांच्याच वाट्याला येतं हे लक्षात घ्या. होल्डनने दरोडेखोर साकारला की तो अभिनय. फर्नांडेसने जनरल साकारला की तो स्वभाव. मशीनगनच्या प्रसंगात भीती आणि हसू एकाच चेहऱ्यावर ठेवायचं, तोफांच्या प्रसंगात काहीच न करता उभं राहायचं आणि गळा चिरण्याच्या क्षणी मघाच्या दारुड्या दिलदारीचा मागमूसही राहू द्यायचा नाही, हे वीसहून अधिक वर्षं इतर नटांकडून काम काढून घेतलेल्या दिग्दर्शकाचं मोजमाप आहे. रागीट माणसं जगात पुष्कळ आहेत. त्यातून मापाचे एकच निघाला.

"त्याला आणि त्याच्या देशाला तो कधीच मिळाला नाही"

त्याला मिळाला नाही, नामांकनही नाही, हे खरं. परभाषेतल्या चित्रपटांची स्पर्धात्मक ऑस्कर शर्यत सुरू होईपर्यंत १९५०च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला, आणि त्याचे उत्तम चित्रपट तोवर जुने झाले होते. देशाचं मात्र चूक आहे. चिवावात जन्मलेल्या अँथनी क्विनला 'व्हिवा सापाता!'साठी १९५३च्या समारंभात साहाय्यक अभिनेत्याचा ऑस्कर मिळाला. केटी हुरादोला 'ब्रोकन लान्स' या १९५४च्या वेस्टर्नसाठी नामांकन मिळालं. 'पॅट गॅरेट'मध्ये ती आणि फर्नांडेस दोघंही आहेत. क्वारोन, इन्यारितू आणि देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकांनी २०१४ ते २०१९ या काळात दिग्दर्शनाचा ऑस्कर एकूण पाच वेळा नेला.

आणि १९६४च्या 'द नाइट ऑफ द इग्वाना'त, जिथे फर्नांडेस बारवाल्याच्या छोट्याशा भूमिकेत दिसतो, कॅमेऱ्यामागे त्याचा जुना जोडीदार गाब्रिएल फिगेरोआ आहे. त्या कामासाठी फिगेरोआला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.